गेम मी लिहिला, नाव मात्र ‘टीम’चं

या वेळचं पत्र इचलकरंजीहून आलंय. नाव छापू नका असं तिने लिहिलंय, म्हणून नाव काढून आणि थोडं छाटून देतेय.

“ताई, नमस्कार. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी सहा महिने पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओत इंटर्नशिप केली. तिथे एका मोबाइल गेमसाठी आपोआप तयार होत जाणाऱ्या गुहा बनवणारा कोड मी लिहिला, अख्खा मी एकटीने. गेम आला तेव्हा शेवटच्या नावांत माझं नावच नाही, नुसतं ‘डेव्हलपमेंट टीम’. विचारलं तर लीड म्हणाले, इंटर्नची नावं आपण टाकत नाही. नंतर मला बटणांचे रंग ठरवायला बसवलं, म्हणे मुलींना रंगांचं जास्त कळतं. आता कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीची ऑफर आलीय, बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम आहे. घरचे खूश आहेत पण मला वाटतं एकदा तिकडे गेले की गेमचं संपलंच. आई म्हणते, गेम करून कोणाचं पोट भरलंय? ऑफर घेऊ का सोडू? नावाचं काय करू? आणि आईला काय सांगू?”

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या रंगांच्या वाक्यापाशी अडकले. कारण जवळजवळ हेच वाक्य चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात एका तरुण मुलीला ऐकवलं गेलं होतं, आणि ती मुलगी म्हणजे कॅरोल शॉ, जिचा गेम मी लहानपणी अंगठा सुजेपर्यंत खेळलेय. तुला उत्तर देताना तिचीच गोष्ट सांगणार आहे. जरा लांबेल, पण तुझे तिन्ही प्रश्न तिच्या वाटेत येऊन गेलेत, म्हणून धीर धरून वाच.

आधी माझं सांगते. नव्वदच्या आसपास सोलापूरला आमच्या काकांनी मुंबईहून टीव्हीला जोडायचा एक काळा डबा आणला होता. अटारी या अमेरिकन कंपनीच्या गेमयंत्राची नक्कल होती ती, आत कितीतरी गेम भरलेले, आणि एक दांडा, ज्याचं रबर महिन्याभरात फाटलं. त्यातला एक आम्हा सगळ्या भावंडांचा जीव की प्राण, आम्ही त्याला ‘विमानवाला’ म्हणायचो. मधे निळी नदी, दोन्हीकडे हिरवे काठ, खाली आपलं छोटं विमान, वरून जहाजं आणि हेलिकॉप्टर येत राहायची, आणि मधेमधे एक उभा ठोकळा ज्यावर एकाखाली एक चार अक्षरं, फ्यूल. मला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं तेव्हा, तो शब्द मी तिथेच शिकले. त्या ठोकळ्यावरून विमान नेलं की टाकी भरायची, आणि हळू नेलं तर जास्त भरायची, पण तोच ठोकळा गोळीने उडवला तर ८० पॉइंट मिळायचे, मग भावाचं आणि माझं भांडण, भरायची का उडवायची. पूल उडवला की ५०० पॉइंट आणि पुढचा टप्पा. त्या डब्यावर किंवा पडद्यावर कोणाचंच नाव नव्हतं. तो गेम कोणीतरी माणसाने बसून लिहिलाय हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी. खूप वर्षांनी, नोकरीला लागल्यावर कळलं की त्याचं नाव रिव्हर रेड, तो १९८२ चा, आणि तो एका बाईने एकटीने लिहिलाय. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये बसून अक्षरशः रडले, का ते आजही नीट सांगता येणार नाही.

तर कॅरोल शॉ. जन्म १९५५, पालो आल्टोचा, वडील मेकॅनिकल इंजिनिअर, स्टॅनफर्डच्या त्या मोठ्या कणप्रवेगक प्रयोगशाळेत काम करायचे. घरात भावाची खेळण्यातली रेल्वे होती तिच्याशी ही खेळायची, गणितात हुशार, गणिताच्या स्पर्धांत बक्षिसं. शाळेत असताना कॉम्प्युटरला हात लागला, त्यावर नुसत्या अक्षरांचे गेम असायचे, तिथून नाद लागला. मग बर्कलीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स, १९७७ ला डिग्री, १९७८ ला मास्टर्स, आणि त्याच वर्षी अटारीत नोकरी. हुद्दा होता मायक्रोप्रोसेसर सॉफ्टवेअर इंजिनिअर. हे मुद्दाम सांगतेय, कारण गेम डिझायनर वगैरे शब्द तिच्या नेमणुकीत नव्हता, चिप चालवता येणारी इंजिनिअर म्हणून ती आत गेली. व्हिडिओ गेम लिहिणारी जगातली अगदी पहिली बाई तीच असं सरसकट म्हणतात ते मात्र बरोबर नाही, तिच्याआधी १९७६ मध्ये जॉइस वाइसबेकर हिने आरसीए या कंपनीच्या गेमयंत्रासाठी गेम लिहिले होते, पण ते कंत्राटावर. कंपनीत रोज जाऊन हेच काम करणाऱ्यांत कॅरोल अगदी पहिल्यांमधली.

आणि तिचा पहिला प्रोजेक्ट काय झाला माहितीये? बाजारात आलाच नाही. पोलो नावाचा गेम होता, राल्फ लॉरेनच्या त्याच नावाच्या अत्तराच्या जाहिरातीसाठी करायला सांगितलेला, तिने तो केला आणि कंपनीने तो कपाटात ठेवून दिला. पहिल्याच कामाचं असं झालेली जगात तू एकटी नाहीस एवढंच सांगायचं होतं.

मग तिने त्रिमितीय फुली-गोळा केला, चार बाय चार बाय चार, म्हणजे ६४ घरांचा, मग चेकर्स. आणि याच काळात कधीतरी अटारीचे तेव्हाचे अध्यक्ष रे कसार लॅबमध्ये फेरी मारायला आले आणि तिला बघून म्हणाले की अरे वा, शेवटी एक मुलगी डिझायनर मिळाली आपल्याला, आता ही सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांच्या जुळणीचे आणि घरसजावटीचे गेम करेल. हे तिनेच पुढे मुलाखतीत सांगितलंय. बघ, तुझ्या लीडने जे म्हटलं त्याचा नमुना तिकडे १९७८ च्या आसपासच तयार होता. कसार बाहेर गेल्यावर बाजूच्या सहकाऱ्यांनी तिला सांगितलं की लक्ष देऊ नकोस, तुला जे करायचंय ते कर. आणि ती जे करत होती ते काय होतं हे मला तुला नीट सांगायचंय, कारण त्या रंगांच्या वाक्याचं उत्तर तिथे आहे.

त्या अटारीच्या यंत्रात मेमरी होती १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. मराठीतलं एक अक्षर आज साठवायला ३ बाइट लागतात, काना-मात्रा वेगळे मोजायचे, म्हणजे तुझ्या पत्रातलं नमस्कारानंतरचं पहिलं वाक्यसुद्धा त्यात मावणार नाही. त्यात स्कोर, विमान कुठे, शत्रू कुठे, टाकीत किती, सगळं बसवायचं. आणि कार्ट्रिजवर, म्हणजे गेम ज्यात भरून विकायचे त्या डबीत, अख्ख्या प्रोग्रामला जागा बहुतेक वेळा ४ केबी. तुझ्या फोनमध्ये पडद्यावरच्या चित्राचं पूर्ण पान मेमरीत तयार असतं, तसं पान ठेवायला तिथे जागाच नव्हती. मग चित्र कसं काढायचं? जुन्या टीव्हीत आत एक किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत खाली जायचा, असं पूर्ण पान सेकंदाला ६० वेळा. प्रोग्रामरने त्या किरणाच्या पुढे धावायचं, ओळ सुरू व्हायच्या आत त्या ओळीत काय दिसायला हवं ते चित्र काढणाऱ्या चिपला सांगायचं, लगेच पुढची ओळ. एका ओळीला वेळ किती, तर प्रोसेसरचे ७६ ठोके. एक आज्ञा दोनपासून सात ठोके खाते, म्हणजे ओळीमागे जेमतेम वीस-पंचवीस आज्ञा. एखादा ठोका जास्त झाला की चित्र थरथरतं किंवा फाटतं. ठोके मोजत लिहिलेल्या या भागाला ते लोक कर्नल म्हणायचे.

आम्ही इंजिनिअरिंगला असताना ८०८५ या प्रोसेसरचं शिकायचं किट होतं, हेक्सचे आकडे एकेक दाबून भरायचे, शेवटी कळायचं की मधे एक आज्ञा राहिली, मग तिथून पुढचं सगळं पुन्हा भरा. त्या किटवर नुसती दोन आकड्यांची बेरीज दिसली तरी आम्ही टाळ्या वाजवायचो. म्हणून कॅरोलचं काम वाचते तेव्हा माझे हात जोडले जातात. तिचा अटारीतला सहकारी माइक अल्बॉ याने पुढे सांगितलंय की ६५०२ जातीच्या, म्हणजे त्या अटारीत होता तसल्या प्रोसेसरवर तिच्याइतका चांगला प्रोग्रामर कोणी नव्हता, आणि जे गेम पूर्ण तिचे नव्हते त्यांचेसुद्धा कर्नल ती लिहून द्यायची. अडलं की लोक तिच्याकडे जायचे.

आता हे वाचून तुला कोणी म्हणेल की बघ, तिने बोलणं मनावर घेतलं नाही आणि गुपचूप काम केलं, तूही तसंच कर. मला हे पूर्ण पटत नाही. तिच्या बाजूला बसलेले लोक तिच्या बाजूचे होते, आणि अध्यक्ष बोलून निघून गेले, तिचं काम कोणी बदललं नाही. तुझं काम बदललं गेलं. गुहांवरून उचलून तुला बटणांवर बसवलं, हा फरक साधा नाहीये. पुढे कुठेही असं झालं तर त्याच दिवशी मेल टाकायची की मला अमुक कोडवर काम करायचंय, ते कधीपासून मिळेल, आणि उत्तरात तारीख मागायची. तोंडी बोलणं हवेत जातं, लिहिलेलं राहतं. रंग निवडणं हे काम हलकं अजिबात नाही, ते ज्याला आवडतं त्याने जरूर करावं, पण तू मुलगी आहेस म्हणून तुझ्या वाट्याला आलं तर ते चूकच.

आता ऑफरचं. इथे कॅरोलचा पुढचा प्रवास बघ, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच लोक सांगत नाहीत. अटारीत दोनच वर्षं काढून १९८० मध्ये ती बाहेर पडली आणि गेली कुठे, तर टँडम कॉम्प्युटर्समध्ये. ही कंपनी बँका, शेअर बाजार, एटीएमसाठी कधीच बंद न पडणारी यंत्रं करायची, एक भाग बिघडला तरी दुसरा लगेच काम उचलेल अशी. तिथे ती असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा देणाऱ्या भाषेत, प्रोग्राम लिहायची. म्हणजे शब्दशः बँकेचं काम गं! १९८२ मध्ये ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीत गेली, रिव्हर रेड लिहिला, मग १९८३ ला इंटेलिव्हिजन या गेमयंत्रासाठी हॅपी ट्रेल्स. त्याच वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा धडाधड कोसळला, दुकानात कार्ट्रिजचे ढीग पडून राहिले, आणि १९८४ मध्ये ती पुन्हा टँडममध्ये परत. १९९० ला, वयाच्या पस्तिशीतच, नोकरीतून निवृत्त झाली. सगळं मिळून गेमची नोकरी किती वर्षं? चार, धरून चालू पाच. आणि त्या चार-पाच वर्षांच्या कामासाठी २०१७ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये तिला इंडस्ट्री आयकॉन हा सन्मान मिळाला, आणि त्याच साली तिने जपून ठेवलेली कार्ट्रिज, कागदपत्रं आणि रिव्हर रेडच्या कोडचे छापील कागद न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या द स्ट्राँग या खेळांच्या संग्रहालयात गेले.

म्हणून तू जे लिहिलंस ना, की एकदा बँकेच्या कामाला गेले की गेमचं संपलं, ते मला खरं वाटत नाही. ऑफर घे. माझं मत स्पष्ट आहे, घे. घरी पैसे येऊ देत, तुझे तुला साठू देत. पण एक गोष्ट लपवणार नाही, कॅरोल टँडममध्ये गेली तेव्हा तिच्या हातून पूर्ण झालेले गेम होते, आणि ॲक्टिव्हिजन सुरू करणारे लोक अटारीतले तिचे जुने सहकारी होते, ते तिचं काम ओळखून होते. तुझ्याकडे आत्ता दाखवायला स्वतःचं काही नाही, कारण तुझं काम दुसऱ्याच्या नावाखाली पडलंय. ते आधी दुरुस्त करायचं. कॅम्पसच्या नोकऱ्यांचं जॉइनिंग बऱ्याचदा लांबतं, तेवढे महिने हातात धर.

आणि ऑफर लेटर सही करायच्या आधी शेवटच्या पानापर्यंत वाच. दोन कलमं शोध. एक बाँडचं, किती महिने आणि सोडलं तर किती रक्कम. दुसरं, नोकरीत असताना तू जे काही लिहिशील ते कंपनीचं होईल का आणि बाहेरच्या कामाला परवानगी लागते का. दुसरं कलम कडक असेल तर एचआरला आधीच विचार, की मी सुट्टीच्या वेळात, माझ्या लॅपटॉपवर, तुमच्या धंद्याशी संबंध नसलेला छोटा गेम केला तर चालेल ना, आणि उत्तर मेलवर घे. ऑफिसच्या लॅपटॉपवर तुझ्या गेमची एक ओळसुद्धा टाईप करायची नाही, कितीही कंटाळा आला तरी.

गेम कुठला करायचा? इथे परत रिव्हर रेडकडे येते, कारण तुझ्या गुहांची ती आजी आहे, खरंच. कॅरोलच्या मनात आधी अवकाशातला गेम होता. तेव्हा बाजारात यानांचे गेम उदंड झाले होते म्हणून ॲक्टिव्हिजनमधल्या ॲलन मिलरने सुचवलं की काहीतरी वेगळं कर, मग तिने ग्राफ पेपरवर चौकोन भरत भरत नदी आणि विमान काढलं. आता नदी लांबच लांब, आणि प्रोग्रामला जागा ४ केबी. नकाशा साठवायला गेली असती तर पहिल्या काही पुलांतच जागा संपली असती. मग तिने नदी साठवलीच नाही, नदी काढायची रीत साठवली. सोळा बिटांचा, म्हणजे सोळा शून्य-एकांचा, एक आकडा घ्यायचा, त्यातले काही बिट एकमेकांशी एक्सऑर करून (दोन बिट वेगळे तर एक, सारखे तर शून्य) एक नवा बिट काढायचा, सगळा आकडा एक घर सरकवायचा आणि रिकाम्या झालेल्या घरात तो नवा बिट बसवायचा, झाला पुढचा आकडा. त्या आकड्यावरून ठरायचं की काठ आत घ्यायचा का बाहेर, मधे बेट घालायचं का, जहाज कुठे सोडायचं. दिसायला सगळं अचानक, पण सुरुवातीचा आकडा ठरलेला असल्यामुळे नदी दर वेळी तीच, म्हणून तर मला आणि माझ्या भावाला वळणं पाठ झाली होती! आणि त्या चिपला पार्श्वभूमीचं फक्त अर्ध्या पडद्याचं चित्र, २० चौकोनांचं, काढता यायचं, उरलेलं अर्धं ती आरशासारखं उलटवून दाखवायची. म्हणून दोन्ही काठ नेहमी सारखे. लहानपणी मला वाटायचं नदी अशी सुंदर सारखी काढलीय हौसेने. ती चिपची अडचण होती आणि तिने त्या अडचणीचा काठ केला. हे कळलं तेव्हा मी कपाटातून जुना ग्राफ पेपर काढून अर्धी नदी काढली, घडी घातली, दुसरी बाजू छापली, आणि तसाच काठ आला.

तू हेच कर. मोठं स्वप्न बाजूला ठेव, आठ शनिवारांत संपेल एवढाच गेम घे. गुहा तुझ्या ओळखीच्या आहेत पण स्टुडिओसाठी लिहिलेल्या कोडला हात लावू नकोस, तो त्यांचा, रीत मात्र सगळ्या जगाची आहे, ती कोऱ्या फाइलमध्ये पहिल्यापासून लिही. ठरलेला एक आकडा दिला की तीच गुहा यायला पाहिजे ही अट घाल, म्हणजे चूक शोधायला सोपं जातं. आणि जमलं तर, हे मी हट्टानेच सांगतेय, एकदा तरी त्या जुन्या अटारीसाठी एक इवलासा प्रोग्राम लिहून बघ, नुसतं एक विमान डावी-उजवीकडे हललं तरी चालेल. कॉम्प्युटरवर अटारीची नक्कल करणारा स्टेला नावाचा एम्युलेटर फुकट आहे, लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या आकड्यांत बदलणारा डॅसम नावाचा असेंब्लर फुकट आहे. ७६ ठोक्यांत एक ओळ बसवण्यात दोन आठवडे जातील, पण बँकेच्या कामातसुद्धा तुला त्याचा जो उपयोग होईल तो दुसऱ्या कुठल्या कोर्सने व्हायचा नाही, कारण यंत्र आत काय करतंय हे तुला दिसायला लागेल.

आता नावाचं, जे तुझ्या मनाला सगळ्यात लागलंय. अटारीत तेव्हा कोणाचंच नाव येत नव्हतं, ना डब्यावर, ना पडद्यावर. तिथल्याच वॉरन रॉबिनेट या प्रोग्रामरला हे इतकं लागलं की त्याने ॲडव्हेंचर या गेममध्ये एक छुपी खोली केली, एक राखाडी ठिपका शोधून तिथे नेला तरच आत जाता येई, आणि आत त्याचं नाव लिहिलेलं. कंपनीला पत्ता नव्हता, गेम विकला गेल्यावर एका खेळणाऱ्या मुलाने शोधून काढलं. आणि चार जण, डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड, लॅरी कॅप्लन, हे कसारकडे गेले होते की आमच्या गेमवर एवढा पैसा मिळतोय तर आमचं नाव आणि वाटा द्या. क्रेनने सांगितल्याप्रमाणे त्यांना उत्तर मिळालं की कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगारांपेक्षा तुमचं महत्त्व जास्त नाही. त्यांनी नोकरी सोडली, १९७९ मध्ये जिम लेव्हीबरोबर ॲक्टिव्हिजन काढली, आणि तिथे पहिल्यापासून पद्धत ठेवली की गेम लिहिणाऱ्याचं नाव जाहीर. माहितीपुस्तिकेत लिहिणाऱ्याचा फोटो आणि खेळायच्या युक्त्या त्याच्याच शब्दांत. रिव्हर रेडबरोबर कॅरोल शॉचं नाव लोकांच्या घरात गेलं ते या पद्धतीमुळे, आणि तो गेम दहा लाखांवर विकला गेला. तीच बाई, तीच हुशारी, पण अटारीत राहिली असती तर आज मी तुला तिचं नाव सांगू शकले असते का, मला शंका आहे. आमच्या सोलापूरच्या डब्यात तिचं नाव पुन्हा पुसलं गेलंच होतं.

रॉबिनेटचा मार्ग तू घेऊ नकोस, दुसऱ्याच्या कोडमध्ये लपूनछपून काही घालणं आज करारात अंगाशी येतं. तू सरळ मेल कर, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. स्टुडिओच्या मालकाला आणि लीडला दोघांना एकत्र. पहिल्या परिच्छेदात फक्त काय काम केलं ते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, गुहा तयार करणारा भाग मी लिहिला. कमिटचा इतिहास, म्हणजे कोणी कधी कुठला कोड लिहिला त्याची नोंद, त्यांच्याकडे आहे, त्याचा उल्लेख कर, पण कोडची कॉपी जोडू नकोस. दुसऱ्या परिच्छेदात दोन मागण्या. पुढच्या अपडेटमध्ये नाव टाका, तुम्ही म्हणाल तर ‘इंटर्न’ असं लिहून टाका. आणि ते जमणार नसेल तर इंटर्नशिपच्या सर्टिफिकेटवर हे काम स्पष्ट शब्दांत लिहून द्या. पहिलं ते कदाचित देणार नाहीत, मोबाइल गेमच्या शेवटच्या स्क्रीनवरून भांडण फार लांब नेण्यात अर्थ नाही. दुसरं द्यायला त्यांचं काहीच जात नाही, आणि तुला नोकरीच्या मुलाखतीत तोच कागद लागणार आहे. रागाचं एकही वाक्य नको, राग मला लिही. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन कर, मग सोडून दे आणि स्वतःच्या गेमकडे वळ.

राहिली आई. आईचं चुकलेलं नाही गं, तिने गेम म्हणून जे बघितलंय ते जेवायला हाक मारली तरी मान वर न करणारी मुलं. तिला कॅरोल शॉचे सत्कार सांगून काही उपयोग नाही, दहा लाखांचा आकडाही नको. ऑफर घेतेयस हे आधी सांग, म्हणजे तिच्या जिवाला स्वस्थता येईल आणि पुढचं ऐकायला ती मोकळी होईल. मग तुझा गेम अर्धामुर्धा झाला की एका संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या मधल्या वेळात फोन तिच्या हातात दे. काही समजावू नकोस, कुठे दाबायचं ते सांगू नकोस, नुसती शेजारी बस आणि वहीत लिहीत जा की अंगठा कुठे थांबला, काय बघून तिने “हे काय आता?” असं विचारलं, किती वेळा पडून परत सुरू केलं. परत सुरू केलं का, हे मुख्य. त्या रात्री वहीतल्या पहिल्या तीन गोष्टी दुरुस्त कर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दे. आणि शेवटच्या स्क्रीनवर नाव टाकशील तेव्हा पूर्ण टाक, आडनावासकट, देवनागरीत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. झाला की मलाही पाठव, माझा भाऊ आणि मी मिळून खेळू.